तिसरं कार्ड

सोमवार, ३ तारीख
पहिला दिवस! पाणीपुरवठ्याची कंट्रोल रूम, आणि तीन कार्डांचा खराखुरा कॉम्प्युटर! कॉलेजात नुसता डायग्राम बघितला होता, आज हात लावला. तिन्ही कार्डं एकच गणित एकाच वेळी करतात. दोघांचं उत्तर जुळलं आणि तिसऱ्याचं वेगळं आलं, तर तिसरं चूक. तीनदा असं झालं की लाल दिवा. मग एक छोटं पितळी हँडल लावून ते कार्ड ओढून काढायचं, मशीन न थांबवता. शहराला पत्तासुद्धा लागत नाही. किती भारी!

काका इथले सगळ्यात जुने ऑपरेटर. म्हणाले, लोकांचं तीन तिघाडा काम बिघाडा, आपलं उलटं. तिसरा नसला की बिघाडा. मी खो-खो हसले. ताई दुसऱ्या ऑपरेटर. त्यांनी काही न विचारता माझी खुर्ची बरोबर माझ्या उंचीला आणून दिली.

आईला फोन केला. तिचा एकच प्रश्न, जेवलीस का.

बुधवार, ५
माणसांचंही तसंच आहे इथे! रोज दहा वाजता तिघांनी मुख्य पाइपाची डायल बघायची, दाब चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची. मग काका उलटतात. आज तिघांचं ४१. ताई म्हणाल्या, बसलीस गं लायनीत.

नवं कार्ड घातलं की चालू असलेली दोन आपल्या मेमरीतलं सगळं त्यात ओततात, मगच त्याचं मत धरतात. मलाही तसंच चाललंय. कुठला कप माझा, कुठलं बटण हळू दाबायचं, सगळं.

मंगळवार, ११
माझं ४७. त्यांचं ४१.
मी नीट बघितलं होतं. काका म्हणाले, चष्मा लागला की काय एवढ्यात? भिंतीवरच्या तक्त्यात ताईंनी माझ्या नावापुढे लाल टिंब दिलं. माझ्या नावाखाली जुना रंग खरवडलेला दिसतो. आधी कुणाचं तरी नाव होतं.

बुधवार, १२
पुन्हा ४७. दुसरं टिंब.
जेवणाच्या सुट्टीत डोळे तपासून आले. एकदम ठणठणीत. डायलचा फोटो काढला, त्यातही ४७. ताईंना दाखवला तर म्हणाल्या, ४१ तर आहे की गं. काका आणि ताई चहाचा घोट एकाच वेळी घेतात. हे आधी का नाही दिसलं मला? दोघं ठरवून करतायत का? की बिघडलेली मीच—

गुरुवार, १३
आज सुट्टी टाकली, ताप म्हणून. पण संध्याकाळी कालचा विसरलेला डबा आणायला गेले, तेव्हा माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधल्या कागदाखाली आधीच्या माणसाच्या तीन चिठ्ठ्या सापडल्या. ४७. ४७. तिसरी ४१.
म्हणजे तो शेवटी शहाणा झाला. काकांना विचारलं, तो कुठे गेला? म्हणाले, तुझ्याआधी इथे कुणीच नव्हतं.

शुक्रवार, १४
ठरलं. ४१ लिहिणार. खोटं तर खोटं. पहिलीच नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवू?

दहा वाजून पाच
त्यांच्या चिठ्ठ्या. ४७. दोन्ही.
काका हसले नाहीत. ताईंनी तिसरं टिंब दिलं. किती सावकाश—

सोमवार, १७
आयडीने दार उघडत नाही. वॉचमनने माझ्यामागच्या बाईला नमस्कार केला. माझ्या आरपार बघत. तिच्या मागोमाग आत शिरले. काका, काका म्हणून ओरडले. ते माझा कप पुसत होते.

आईला फोन लावला. म्हणाली, कोण बोलतंय? माझी मुलगी आत्ताच बोलली माझ्याशी, ताप उतरलाय तिचा. मस्करी करू नका.

अकरा वाजता
कंट्रोल रूमच्या काचेबाहेर उभी आहे. माझ्या खुर्चीत एक मुलगी. खुर्ची बरोबर तिच्या उंचीला. काकांनी तिघाड्याचा जोक मारला, ती हसली. माझंच हसणं. आता वहीत लिहितेय. अक्षर माझं. इथून वाचता येतंय—
पहिला दिवस! पाणीपुरवठ्याची कंट्रोल रूम—

ताई काचेकडे येतायत. बघतायत. माझ्याकडेच, नक्की माझ्याकडेच. हातात पितळी हँडल—
मशीन चालूच आहे, कुणालाच पत्ता—