दहा मिनिटांच्या कामाचे एकोणीस तुकडे

द्वारका, शुक्रवार

प्रिय नीला,

अनेक आशीर्वाद (तू तीन महिन्यांनी धाकटी, तेव्हा मला हक्क आहे).

शाळेत विणकामाच्या तासाला आपण दोघी जिन्याखालच्या बाकावर बसायचो, आठवतं? सिस्टर म्हणायच्या, स्वेटरकडे बघू नका, पुढच्या ओळीकडे बघा. तुझा स्वेटर दिवाळीपर्यंत झाला. मी ओळीकडे इतकी बघत बसले की माझी रुमालाएवढी पट्टी झाली, आणि तीही चुकली म्हणून तूच उसवून दिलीस. असो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? गाझियाबादची हवा आमच्या राजधानीपेक्षाही बिघडल्याचं पेपरात वाचते (म्हणजे उल्हास वाचून दाखवतात) आणि जीव खालीवर होतो.

वाचून दाखवतात, कारण माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. दोनदा ऑपरेशनची तारीख घेतली, दोनदा मी ताप आल्याचं कळवलं. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर सोपं काम अवघड होऊन बसेल. उल्हास म्हणतात, "अगं, दहा मिनिटांचं काम!" त्यांना काय, डोळा माझा. शेवटी आमच्या सूनबाईंनी, रुचिराने, ऑफिसातली युक्ती सांगितली. "आई, मोठ्या कामाचे छोटे छोटे तुकडे करायचे. रोज एकच. टेन्शन बिल्कुल नाही."

मला हे फार पटलं. मी एकोणीस तुकडे केले. पहिल्या दिवशी फाइल शोधली. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत ठेवली. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मेट्रो स्टेशनपर्यंत जाऊन आले (उल्हासना वाटलं भाजीला गेले होते, रिकाम्या पिशवीबद्दल विचारलं तर म्हटलं, भाजी या यादीत नाही). काल अकरावा तुकडा होता, दवाखान्यात जाऊन तपासणीचे थेंब घालून घेणे. घेतले. नर्स म्हणाली, "आंटीजी, बैठिए, अब डॉक्टर देखेंगे." पण डॉक्टरांना भेटणं बारावं होतं, म्हणून मी शांतपणे उठून घरी निघाले.

थेंबांनी जग दुधात बुडवल्यासारखं दिसतं, हे कुठल्याच तुकड्यात नव्हतं. पाटी वाचता येईना. समोर आली त्या मेट्रोत बसले आणि अकरा पूर्ण झाले म्हणून स्वतःची पाठ थोपटत राहिले. सगळे उतरायला लागले तेव्हा शेजारच्या मुलीला विचारलं, द्वारका आलं का? "आंटी, ये तो वैशाली है!" म्हणजे अगदी उलटं टोक, तुझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिथल्या बाकावर बसून मी रडले, नीला. तुला फोन केला असता तर तू हाताला धरून मला परत दवाखान्यात नेलं असतंस, म्हणून केला नाही. डोळे निवळल्यावर घरी आले.

आता मंगळवारची तारीख आहे, तिसरी आणि (डॉक्टर चिडलेत) शेवटची. मी अगदी ठीक आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
मृणाल

ता. क. पत्र लेकाच्या, साकेतच्या हाती पाठवतेय, त्याचं ऑफिस तुमच्याच बाजूला. फोनवर तू रागावतेस.

दुसरा ता. क. मी ठीक नाही. काही बरंवाईट झालंच तर पुरणयंत्र रुचिराला (पुरण विकत आणलं तरी चालेल, यंत्र टाकू नये). पानिपतचा पांघरायचा खेस नातीला, तनयाला. उल्हासना काहीही देऊ नका, त्यांना ते सापडणार नाही. फक्त रोज सकाळी कुणीतरी त्यांचा चष्मा शोधून द्यावा. आणि तुला, मंगळवारी सकाळी साडेआठला, माझा उजवा हात. डावा नर्सला लागतो, बीपी बघायला.