यादीत न आलेला शब्द

सोमवार, ४ मार्च

किटली राहिली! सहा वर्षं पेपरात इंग्रजी शब्दकोडं करतेय, आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. नऊ अक्षरं देते, त्यांतून सहा अक्षरी शब्द शोधायचे, मधलं अक्षर आलंच पाहिजे, एकच अक्षर दोनदा घेतलं तरी चालतं. आज कोडं छापून आलं आणि दुपारी ऑफिसच्या टपालात पोस्टकार्ड. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. निळ्या शाईत एकच शब्द – 'केटल'. कोश न उघडताही कळलं, बरोबर आहे. माझ्या एकोणीस शब्दांत तो नाही. पण उत्तरांची ती यादी तर पुढच्या आठवड्यात छापायची आहे – काय राहिलंय ते याला कसं कळलं?

टपालाचे काका म्हणाले, "बाई, शिक्का बघा. शनिवारचा आहे."

कोडं सोमवारी आलं, कार्ड शनिवारी टाकलं! शिक्का मारणाऱ्याचं लक्ष नसेल.

मंगळवार, ५ मार्च

सकाळी किटली गायब. अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं. निघाली कुठे, तर बाबांच्या कपाटात, स्वेटरांच्या घडीत! "मी कशाला ठेवू? तूच वेंधळी," म्हणाले. कडाक्याचं भांडलो, मग दोघंही हसलो. ऑफिसला उशीर झाला.

सोमवार, ११ मार्च

पुन्हा कार्ड. 'मिरर'. माझ्या यादीत नाही. शिक्का पुन्हा शनिवारचा.

मंगळवार, १२ मार्च

न्हाणीघरातला आरसा खिळ्यावर नव्हता. कपाटामागे सापडला, तोंड भिंतीकडे केलेला.

बाबा म्हणाले, "अगं, त्यात एक म्हातारा सारखा उभा असतो. अंघोळ करू देत नाही मेला."

एरवी मी पोट धरून हसले असते. बाबांचा विनोद असाच, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. पण डोळ्यांपुढे ती निळी शाई नाचत होती. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, वेड्यात काढतील. कोण पाहतंय आमच्या घरात?

सोमवार, १८ मार्च

'पिजन'. वाचलं. ताबडतोब घरी फोन लावला.

"बाबा, कबुतर आलंय का?"

"कुठलं कबुतर?"

कुठलं! ते लंगडं, चार वर्षं रोज त्यांच्या हातावरचे दाणे टिपणारं. धावतपळत घरी आले तर ते कठड्यावर बसलेलं. जिवात जीव आला. तेवढ्यात बाबा घडी केलेला पेपर घेऊन आले आणि फाडकन कठड्यावर आपटला. "घाण करतात नुसती!" उडून गेलं ते. अंधार पडेपर्यंत मी दाणे ठेवून बसले, परत आलं नाही.

मंगळवार, १९ मार्च

आधी वस्तू. मग जिवंत प्राणी. 'फादर' – बोटांवर मोजलं. सहा.

गुरुवार, २१ मार्च

अक्षरं मी निवडते! हे आधी का सुचलं नाही? तो कोण असेल तो असो, मी देईन त्याच अक्षरांतून त्याला शब्द काढावा लागतो. एफ काढून टाकलं. मग आठवलं, 'पेरेंट'ही सहाच. पी काढलं. तरी मन मानेना. शेवटी साहेबांकडे गेले, म्हटलं, या खेपेला आठ अक्षरी करू, वाचकांना सहा फार सोपं जातंय.

"करा, पण सापडले पाहिजेत हं लोकांना."

सापडतील. 'ग्रॅज्युएट' बसतो की छान. मधलं अक्षर यू. आठ अक्षरांच्या कोड्यात माझे बाबा कुठेच बसत नाहीत. किती दिवसांनी आज पोटभर जेवले.

रविवार, २४ मार्च

बाबांनी तीनदा विचारलं, आज वार कोणता. तिन्ही वेळा मान वर न करता सांगितलं. मी यादी तपासत होते.

सोमवार, २५ मार्च, दुपार

आलं. उलटून पाहिलं – 'डॉटर'.

राहिलाच होता की माझ्याकडून! आणि हसूच फुटलं. मीच का? मग ठीक आहे! मी धडधाकट आहे, मला काय धाड भरलीय! रस्ता जपून ओलांडीन, जिना कठडा धरून चढेन. बाबा सुखरूप आहेत, बास. जाताना त्यांची आवडती खारी बिस्किटं नेते. पाचला निघतेच.

सोमवार, २५ मार्च, संध्याकाळ

दार बाबांनीच उघडलं. साखळी न काढता.

"कोण हवंय?"

"बाबा, मी."

बराच वेळ पाहत राहिले. मग साखळी काढली, अगदी अदबीनं बाजूला झाले. "माझी मुलगी ऑफिसला गेलीय, बाई. येईलच सहापर्यंत. बसा ना तुम्ही."

बसलेय. साडेसहा वाजून गेलेत. ते खिडकीशी उभे आहेत, तिची वाट बघत.