धर्माची होडी घ्यावी

मी, सुभद्रा गुणाजी तांडेल, राहणार कॉटन ग्रीन, लिहून ठेवते की माझे गुडघे गेले आहेत, डोकं गेलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबणारे दोघेच होते, सासू आणि गोदामातला मुकादम. दोघेही वर गेले.

खोली मुलगा जयवंत आणि सून रखमा यांची.

नात गुणवंतीला माझ्या कुड्या. लग्नाची वाट बघू नये, आत्ताच घालाव्यात.

संपात आमच्या ह्यांची गिरणी गेली, तेव्हा सोनूबाई कोळणीने माझ्या डोक्यावर पाटी ठेवली नि म्हणाली, "लाज घरी ठेव, म्हावरं ने." त्या पाटीवर आम्ही जगलो. तिला माझं इरकली लुगडं, घडी न मोडलेलं. दीर भिवा यांनी तेव्हा तोंड दाखवलं नाही. त्यांना काही नाही.

पोस्टातली शिल्लक होडीसाठी. जयवंत दुसऱ्याच्या होडीवर जातो, अर्धी मासळी मालकाच्या घरी जाते. शिवडी बंदरावर दोन जुन्या होड्या विकायला आहेत. दोन्ही ॲल्युमिनियमच्या, चपट्या तळाच्या, लांबीला सारख्या, पोचेसुद्धा सारखे. जयवंत म्हणाला, "आये, रघुवीरची घेऊया, रंग नवा आहे."

"रंग कालवणात घालायचा आहे काय?"

रखमा म्हणाली, "कुठचीही घ्या, पण आपली घ्या."

मी दोन्ही मालकांना आपापल्या होडीत चढायला सांगितलं. रघुवीर चिखलाच्या चपलांसकट चढला. सोनूबाईचा धर्मा चपला काढून, पाय धुऊन, होडीला हात लावून चढला. खारं पाणी पत्रा खातं. पाय धुणारा माणूस होडीही गोड्या पाण्याने धूत असणार. तो सोनूबाईचा मुलगा नसता तरी मी त्याचीच घेतली असती. तेव्हा धर्माची होडी घ्यावी, तीही नारळी पौर्णिमेच्या आत. मी असो वा नसो, हंगाम थांबत नाही.

रखमाने माझं दुखणं तोंड वाकडं न करता काढलं. म्हणून होडी तिच्या नावावर. जयवंतही भला आहे, फक्त रंगाला भुलतो. वल्ही त्याच्या नावावर. उद्या भांडलात तर तिने होडी घ्यावी, त्याने वल्ही घ्यावीत, आणि कोण किती लांब जातं ते बघावं.

मी सांगितलं, शेजारी रमाकांत यांनी लिहिलं. त्यांनी सुधारलेलं मी परत पहिल्यासारखं करून घेतलं.

सही: सुभद्रा गुणाजी तांडेल
साक्षीदार: रमाकांत तोरसकर, राधाबाई परब
कॉटन ग्रीन, मुंबई. १२ ऑगस्ट १९८८