आधी चांगला हात

प्रिय आत्या,

तुझं वर्षश्राद्धही होऊन गेलं आणि पत्र आता लिहितोय, म्हणून रागावू नकोस. आज धारच्या दवाखान्यात असं काही घडलं की तुला सांगितल्याशिवाय घास उतरेना.

देवासला तू बायका-पोरांची हाडं बसवायचीस. लांबच्या पीपलरावां गावाहूनही बैलगाड्या यायच्या. मूल कितीही कळवळत असलं तरी तू आधी त्याचा चांगला हात चाचपायचीस. मी वैतागायचो, "अगं, मोडलाय तो दुसरा!" तू म्हणायचीस, "आधी चांगला हात बघावा रे. याचं हाड मुळात कसं आहे, ते तोच सांगतो."

पुढे मला इथे एक्स-रेच्या यंत्रावर नोकरी लागली, आणि मी शहाणा झालो! "आता काचेवर हाड दिसतं, तुझी बोटं कशाला?" असं तुझ्या तोंडावर म्हणालो. तू नुसती हसलीस. त्यापेक्षा एक धपाटा घालायचा होतास! हाडं बसवणाऱ्या बाईचा भाचा म्हणवून घ्यायला मी इथे लाजायचो, हे तुला कळलं होतं का गं?

आज मनावर गावाहून एक कुंभार आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. झाडावरून पडलेली, कोपर टम्म सुजलेलं. काचेवर कोपराच्या कडेला हाडाचा एक तुकडा सुटा दिसत होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "मोडलंय. क्लोरोफॉर्म देऊन बसवू." बेशुद्ध केलेली पोर परत उठेल ना, या धास्तीनं बापानं माझे हात धरले. "भिया, म्हारी छोरी पाछी उठेगी के नी?"

मी म्हणालो, "साहेब, दुसऱ्या हाताचीही काच काढू?"

"चांगल्या हाताला काय धाड भरलीय?" साहेब कडाडले. पण मी हटलो नाही आत्या, मुलीचा चांगला हात यंत्राखाली घेतलाच!

दुसरी काच धुऊन पहिलीशेजारी धरली. तोच तुकडा, त्याच जागी! वाढत्या वयाचं हाड ते, अजून जुळायचं होतं. मोडलं काहीच नव्हतं, कोपर नुसतं मुरगळलं होतं. साहेबांनी क्लोरोफॉर्मची बाटली परत कपाटात ठेवायला लावली आणि विचारलं, "हे कुठं शिकलास?"

"देवासला, माझ्या आत्याकडे. ती हाडं बसवायची." सगळ्यांदेखत सांगितलं! मुलगी हात झोळीत घालून बापाबरोबर चालत घरी गेली.

आता माझा शब्द ऐक. इथून पुढे शंका असेल तिथे मी कुठल्याही पोराची एकच काच काढणार नाही, मग साहेब कितीही कडाडोत. आणि हे मला कुणी शिकवलं, ते कुणी विचारायची वाट न बघता सांगेन.

तुझाच भाचा,
सदाशिव