कात्री डाव्या हातात

ता. ३ जानेवारी
सकाळचा चहा झाल्यावर

चि. वाटाणा हिला आजीचे अ. उ. आ., आणि गालावर एक बारीकशी चापट वेगळी.

पत्र मिळालं. तुमच्या काचघराची भाजीची गाडी रोज आमच्या मंडईत येते हे फार बरं झालं. ड्रायव्हरकाका खालून हॉर्न वाजवतात, मी दोरीची पिशवी सोडते, पत्र वर येतं. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि सगळं शेजारणीला ऐकू जातं, त्यापेक्षा हे चांगलं.

तुझी ढोबळी मिरची खिडकीत राणीसारखी बसली आहे. सात मिरच्या लागल्यात, त्यातली एक माझ्या मुठीएवढी. खरं सांगते, तू बादलीत नुसतं पाणी भरून, झाकणाला भोक पाडून त्यात रोप लावलंस तेव्हा मला वाटलं होतं, पोरीचं डोकं फिरलं. मातीशिवाय कुठे झाड जगतं? तुमच्या बाईंनी तरी असली परीक्षा का घ्यावी, की एकच झाड सहा महिने पाण्यावर जगवा, मी घरी येऊन बघेन, मेलं तर वर्ष पुन्हा! आणि निम्म्यातच तुला त्या काचघरात शिकायला पाठवलं नि झाड आलं माझ्या गळ्यात. पण आता मला त्याचा लळा लागला आहे. तुझ्या वहीत रोज लिहिते. माझी दुसरीपर्यंतची अक्षरं, त्यामुळे एका ओळीला पाव तास जातो.

आता काळजीचं. बुडबुडे सोडणारा तो पंप कालपासून घरघरतो आहे, तुझे आजोबा घोरायचे तसा. झाकण उचलून पाहिलं तर बादलीत मुळंच मुळं, पाणी दिसेना. बुडबुड्यांचा दगड मुळांनी गिळून टाकला आहे. खालची मुळं तपकिरी झाली आहेत. काय करू ते लगेच कळव.

जेवतेस ना वेळेवर? लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी

ता. ४ जानेवारी

ती. आजीस वाटाण्याचा सा. न. वि. वि.

घाबरू नकोस, मुळं वाढली म्हणजे तू झाड छान सांभाळलंस. पण त्यांना आता हवा मिळत नाही, म्हणून छाटायला हवीत. इथे आम्ही रोज करतो. कात्री स्पिरिटने पूस. झाड झाकणासकट उचल, मुळं भांड्यात ओल्या पाण्यावर धर, सुकू देऊ नकोस. बोटांनी हळूच विंचर. मग खालून फक्त तिसरा हिस्सा काप, तोही तपकिरी आधी. पांढरी मुळं म्हणजे झाडाचं तोंड, त्यांना धक्का लावू नकोस. मग बादली धुऊन नवं पाणी.

मोठी मिरची माझ्यासाठी ठेव. आजी, हे झाड तुझ्यापाशी आहे म्हणून मी इथे निवांत झोपते. ‘ओल्या पाण्यावर’ वाचून हसू नकोस, घाईत लिहिलंय.

तुझ्या मायेची हावरी,
वाटाणा

ता. ६ जानेवारी

चि. वाटाणा, आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

मी मुळं कापली. सगळी. जेमतेम दोन बोटं लांबीची उरली आहेत.

कसं झालं ते सांगते, मग काय बोलायचं ते बोल. तू सांगितलंस तसं सगळं केलं. कात्री पुसली, झाड उचललं, मुळं विंचरली. काय सुंदर लांब निघाली गं, तुझ्या लहानपणीच्या केसांसारखी. विंचरून डाव्या मुठीत जुडी धरली. आणि इथेच घात झाला. तुला ठाऊक आहे, गिरणीच्या कँटीनमध्ये मी एकतीस वर्षं भाजी निवडली. पालक, मेथी, कांद्याची पात, दिवसाला दोन-दोनशे जुड्या. डाव्या मुठीत जुडी आली की उजवा हात मुळं उडवतो, तो मला विचारत नाही. तेव्हा आमच्यात पैज लागायची आणि मुकादमीण म्हणायची की हिच्या हाताला डोळे आहेत. कसले डोळे! एकच कचकन आवाज आला. खाली बघते तर भांड्यात मुळांचा ढीग आणि हातात झाडाचं थोटूक.

मी ते तसंच बादलीत परत ठेवलं. संध्याकाळपर्यंत पानं लोंबली.

समोरच्या शिवणवाल्या बाई धावत आल्या. त्या म्हणाल्या, रडत काय बसलात, रोपवाटिकेतून अगदी असंच झाड आणू, माती धुऊन बादलीत बसवू, पोरीला कळायचंही नाही. आणि बाळ, खोटं कशाला सांगू, मी त्यांच्याबरोबर गेले. झाड आणलंसुद्धा. नळाखाली त्याची माती धुतली. मग वही उघडली आजचं लिहायला, आणि पेन हलेना. तू मला हात धरून अक्षरं पक्की करून दिलीस, त्या अक्षरांनी तुलाच फसवायचं? ते झाड परत कुंडीत लावलं. वहीत लिहिलं, ‘आज मी सगळी मुळं कापली. चूक माझी, झाडाची नाही.’

तुझं वर्ष गेलं तर ते माझ्या या हातामुळे. रागाव, पण उत्तर पाठव.

आजी

ता. ७ जानेवारी
गाडी निघते आहे, घाईत

ती. आजीस सा. न.

तुझं बोट कापलं नाही ना? आधी ते बघ. कात्री मी नवी आणून ठेवली होती, ती फार धारेची आहे.

आता झाड. ते अजून मेलेलं नाही. खाली तोंडं कमी झालीत, तर वर खाणारेही कमी करायचे. सातही मिरच्या तोड. हो, मोठीसुद्धा. फुलं खुड. निम्मी पानं काप. मग झाडावर पातळ प्लास्टिकची पिशवी उलटी घाल, आत ओलावा राहील. खिडकीतून काढून सावलीत ठेव. खताचं पाणी ओतून टाक, साधं घाल, मुळं बुडतील एवढंच. पंप चालू. मग रोज नुसतं बघायचं, उचकटून पाहायचं नाही.

जगेल का, ते मला माहीत नाही. इथल्या सरांना विचारलं, तेही खांदे उडवून म्हणाले, बघा. मी पत्र वाचून रडले, तुझ्यावर नाही, माझ्यावर. कँटीनमध्ये इतकी वर्षं घालवलेल्या बाईच्या हातात मुळांची जुडी दिली आणि तिसरा हिस्सा कुठे संपतो तिथे दोरा बांध, एवढं सांगायचं मला सुचलं नाही. वहीतलं पान फाडू नकोस.

वाटाणा

ता. १७ जानेवारी
दुपार

चि. वाटाणा हिला पोटभर आशीर्वाद, आज दुप्पट.

आलं! मूळ आलं! दहा दिवस मी त्या बादलीकडे पाहुण्यासारखी लांबून बघत होते. पानं पिवळी पडून तीन गळाली, मी वहीत लिहिली. शिवणवाल्या बाई रोज येऊन मान हलवून जायच्या, जसं घरात कुणी आजारीच आहे. आज पाणी बदलायचा दिवस, म्हणून झाकण उचललं. थोटकाच्या कडेला पांढरे टिपके. चष्मा पुसून पाहिलं. टिपके नव्हेत, मुळं! तांदळाच्या दाण्याएवढी, मोजली, अकरा आहेत. शिवणवाल्या बाईंना हाक मारली तर त्या तोंडात टाचण्या धरूनच धावल्या आणि त्यांना हसताही येईना.

मिरच्या तोडल्या त्या दिवशी त्यांची भाजी केली होती. पहिला घास ताटातच ठेवला. मग तुझं पत्र परत वाचलं. बाळ, माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ सांडलं, फुटलं, करपलं. दर वेळी लोकांनी आधी काय गेलं ते पाहिलं. तू आधी माझं बोट विचारलंस. कँटीनमधल्या एकतीस वर्षांत दोनदा कापलं होतं, तेव्हाही मुकादमीण आधी भाजीला रक्त लागलं का ते बघायची. बोट धड आहे. तुझे उपकार कुठे ठेवू ते मात्र कळत नाही, घर लहान आहे.

अर्धं खताचं पाणी कधी द्यायचं ते कळव. लोभ वाढव, मुळांसारखा.

आजी

ता. २८ फेब्रुवारी

चि. वाटाणा हिला आजीचे अ. उ. आ.

तुमच्या बाई काल येऊन गेल्या. सगळं क्रमाने सांगते, मध्ये उड्या मारू नकोस.

त्या आल्या तेव्हा मी पदराने बादली पुसत होते. वाटलं होतं कुणी जाड भिंगाची म्हातारी असेल, तर ही तुझ्या आत्याएवढी, पायऱ्या चढून धापा टाकणारी. पाणी दिलं. त्यांनी झाड पाहिलं. पानं पुन्हा दाट झाली आहेत, चार फुलं आहेत, पण मिरची एकही नाही. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. मग वही मागितली. पहिल्या पानापासून वाचली. सहा जानेवारीच्या पानावर थांबल्या. विचारलं, हे कोणी लिहिलं. मी म्हटलं, मीच, आणि ज्या हाताने लिहिलं त्याच हाताने कापलं.

त्यांनी झाकण उचललं. दीड महिन्यात मुळं पुन्हा बादलीच्या तळाला टेकली आहेत. म्हणाल्या, छाटायला झाली आहेत, आत्ता माझ्यासमोर छाटून दाखवा.

वाटाण्या, मी पदर खोचला. कात्री पुसली. मुळं भांड्यात घेतली, विंचरली, तिसऱ्या हिश्शावर दोरा बांधला. आणि जुडी उजव्या मुठीत धरून कात्री डाव्या हातात घेतली. बाईंनी विचारलं, डावखुऱ्या आहात का. मी सांगितलं, नाही, पण या हाताने कँटीनमध्ये कधी कापलं नाही, याला काही सवय नाही. याला प्रत्येक मूळ विचारून कापावं लागतं. अर्धा तास लागला. बाईंचा चहा निवला. दोऱ्याच्या वर एकही मूळ तुटलं नाही. बादलीत सोडलं तशी ती पसरली, आणि पंप गप्प चालू लागला.

मग त्यांनी सांगितलं की फळ नाही म्हणून काही गुण कापावे लागतील, नियम आहे. मी म्हटलं, कापा, पण तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. त्या इतक्या हसल्या की खोकला लागला.

कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला, सांभाळणाऱ्याची सही हवी म्हणून. मी आजवर पुष्कळ कागदांवर सही केली, माणसं बोट ठेवतील तिथे. या वेळी म्हटलं, थांबा. चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून बोट फिरवत वाचलं. बाई घाई न करता बसून राहिल्या. तुझं नाव वाचलं. झाडाचं वय वाचलं, सहा महिने दोन दिवस. खाली लिहिलं होतं, ‘उत्तीर्ण’. तो जोडाक्षरांचा शब्द अवघड आहे, दोनदा वाचला. मग सही केली.

ये लवकर. माया आहे तशी राहू दे.

तुझी आजी