अर्धा सूर खाली

प्रिय बाळ्या,

तीस वर्षं एका सतरंजीवर बसलो, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज आली, कारण काल तुझ्या बायकोने, सुमनवहिनींनी, मला गार केलं. गेल्यावरसुद्धा माझी फजिती करायचं सोडलं नाहीस ना, लेका!

आठवतं, कॅम्प तीनच्या बाजारातून ती जुनी गिटार आणलीस तेव्हा तुला ती धरताही येत नव्हती? आपल्या अंबरनाथच्या चाळीत शिकवणार कोण? मी पेटीचा सूर धरायचो आणि तू एकेक तार पिळून त्याला लावायचास. बोटांना फोड आले तरी थांबला नाहीस. गायन पार्टीत हे लाकूड कशाला, म्हणून लोक हसले. दोन वर्षांनी तेच लोक कार्यक्रमाची सुपारी देताना विचारायला लागले, "बाळू गिटारवाला येणार ना? मग फिक्स."

काय खोल सूर होता तुझा! विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतची पोरंपोरी तुझ्याकडे शिकली आणि आज आपल्या भागातल्या पार्ट्या गिटार तुझ्यासारखीच लावतात. मोबाइलचं ॲप सांगतं, तार उतरलीय. तर म्हणतात, "ॲपला काय घंटा कळतंय? बाळूसरांचा सूर आहे हा!"

तेव्हा मला घाम फुटतो. कारण माझी पेटीच अर्धा सूर उतरलेली होती, बाळ्या. तुझं नाव व्हायला लागलं, त्याच सुमारास दुरुस्तीवाला म्हणाला होता, "भाई, ये तो आधा सुर नीचे है." मी पेटी तशीच उचलून आणली. पार्टीचा पेटीमास्तर मी, आणि माझंच वाद्य चुकीचं, हे कुठल्या तोंडाने सांगू? शिवाय जळत होतो तुझ्यावर. लिहिलं एकदाचं.

रविवारी तुझ्या शिष्यांनी तुझ्यासाठी कार्यक्रम ठेवला. सोनिवलीची प्रज्ञा, तुझी सगळ्यात हुशार चेली, तिने माइकवर विचारलं, "काका, सरांना हा सूर सापडला कसा?" मी ठोकून दिलं, "साधना!" टाळ्या पडल्या. नंतरचा चहा तसाच ठेवून मी निघून आलो.

म्हणून काल वहिनींकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या हसायलाच लागल्या! "भावजी, ह्यांना ठाऊक होतं. पहिल्या रेकॉर्डिंगलाच स्टुडिओवाल्याने सांगितलेलं. घरी येऊन मला म्हणाले, गौत्याची पेटी उतरलीय, पण त्याला बोलायचं नाही. मनाला लावून घेईल तो. आपणच खाली राहू."

अरे गाढवा! इतकी वर्षं माझ्यासाठी तारा ढिल्या ठेवल्यास? एक शिवी घालून सांगता आलं नाही? पोह्यांची बशी हातात धरून रडलो मी, वहिनींसमोर.

आता ऐक. येत्या रविवारी प्रज्ञाच्या क्लासात जाऊन सगळ्या पोरांना खरं सांगणार आहे, उभं राहून. हसू देत. बाळूसरांचा सूर बदललात तर बघा, असाही दम भरणार आहे.

पेटी मात्र दुरुस्त करणार नाही. तू माझ्यासाठी खाली थांबलास, आता मी एकटाच वर जाऊन काय करू?

तुझा,
गौत्या पेटीवाला