उणे नऊ

३ मार्च
नवी नोकरी, नवी खोली, आणि सकाळचं ऊन थेट टेबलावर! हॉस्पिटलात माझं काम एकच. डॉक्टरीणबाई इथे तारा लावलेला हातमोजा घालून हात हलवतात, तसाच दीडशे किलोमीटरवरचा यंत्रहात हलतो. मध्ये किती वेळ गेला, ते मी मोजायचं. आज पन्नास मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा हिस्सा. बायको फोनवर म्हणाली, सांगितलेलं दूध आणायला दोन दिवस लावणाऱ्या माणसाला हे काम दिलं कुणी?

७ मार्च
नवी पद्धत चालू केली. वाटेत हरवलेला संदेश पुन्हा मागवत बसायचं नाही, यंत्रानेच अंदाजाने भरून काढायचा. वेळ नऊ मिलिसेकंदांवर आली. साहेब खुशीत. बारा तारखेला पहिली खरी शस्त्रक्रिया. रुग्ण म्हणजे एका शाळेतल्या बाई. त्या यंत्र बघायला आल्या होत्या. हा हात चुकणार नाही ना, असं विचारलं. मी छातीठोकपणे नाही म्हणालो.

९ मार्च
उणे नऊ. शून्याच्याही खाली. दोन्हीकडची घड्याळं तीनदा जुळवली, तरी तेच. यंत्रहात आधी हलतो, डॉक्टरीणबाईंचा मागून. साहेब म्हणाले, अंदाज अचूक येतोय, पाठ थोपटून घे.
डॉक्टरीणबाईंनी मात्र मला जिन्यात गाठलं. हळूच म्हणाल्या, "मी हलवतच नाही हो. तो हलतो, मग माझा हलतो."

१० मार्च
हातमोजा मी घातला. हात मुळीच हलवायचा नाही असं ठरवून बसलो. पडद्यावर यंत्रहाताने मूठ आवळली. मग माझी आवळली गेली. मी आवळली नव्हती —
तार उपटली. पडदा काळा झाला. हातमोजा काढून फेकला.
बोटं चालूच.

११ मार्च, सकाळ
डॉक्टरीणबाई रजेवर. उजवा हात भाजलाय. उकळत्या पाण्यात स्वतःच घातला म्हणे. का, ते फक्त मला कळतंय. साहेबांनी उद्यासाठी दुसरा सर्जन बोलावलाय.

११ मार्च, दुपार
शस्त्रक्रिया थांबवा, असं लिहायला बसलो. हाताने लिहिलं: चाचणी समाधानकारक. कागद फाडला. पुन्हा तेच. खाली माझी सही.

डाव्या हाताने लिहितोय. शाळेतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, कोण बोलतंय — उजव्याने फोन बंद केला. अगदी सावकाश.
पुन्हा लावतो. डाव्याने —
मनगट धरलंय. सोड —